तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

पश्चात्तापानं माणूस हलका होतो, असं आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब व्यासपीठावरून म्हणाले, आणि चर्चमध्ये बसलेल्या एकशे चाळीस माणसांपैकी एकालाही त्यात शंका घ्यावीशी वाटली नाही. दादाचं वजन मात्र पुढच्या तीन आठवड्यांत अडीच किलोंनी वाढलं. पश्चात्ताप झालेल्या माणसाला लोक घरोघरी जेवायला बोलावतात. पँटची कंबर सैल करून घ्यायला वहिनी स्वतः शिंप्याकडे गेली होती, हे शिंप्यानंच मेणबाईला सांगितलं.

मेणबाई ही दादाची धाकटी बहीण. वय अठ्ठावन्न. तिला खऱ्या नावानं हाक मारणारी आई अकरा वर्षांपूर्वी गेली, आणि आईबरोबर ते नावही गेलं. दादा तिला ‘छोटे’ म्हणायचा. बाकी सगळ्यांची ती मेणबाई, कारण घरामागच्या खोलीत ती मेणबत्त्या करायची: वाढदिवसाच्या, दिवे गेल्यावर लागणाऱ्या, आणि चर्चच्या.

चर्चच्या मेणबत्त्यांचं काम वर्षातून एकदा यायचं आणि डोकं उठवून जायचं. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ. त्यासाठी वेदीजवळ हिरव्या फांद्यांचं एक मोठं कडं मांडायचे आणि त्यात चार मेणबत्त्या उभ्या करायचे. तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक पेटवायची. पहिली आशेची, दुसरी पश्चात्तापाची, तिसरी आनंदाची, म्हणून ती गुलाबी. चौथी कशाची यावर चर्चचा कारभार पाहणाऱ्या पंचांमध्ये तीन मतं होती, त्यामुळे ती नुसतीच चौथी म्हणून पेटवली जायची. गुलाबीवर तिच्या रविवारपर्यंत पांढऱ्या कागदाची टोपी घातलेली असायची. आनंद आधी दिसता कामा नये, अशी या चर्चची जुनी पद्धत होती. टोपी काढायचा मान, आणि पेटवायचाही, पंच ज्याला देतील त्याला.

त्या वर्षी तो दादाला मिळाला. का मिळाला, त्याचीच ही हकिकत आहे.

आई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होती. अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. त्या सहा वर्षांत दादा दुसऱ्या शहरात मोठ्या पदावर होता आणि दर रविवारी फोन करायचा, तो नेमका आई झोपलेली असताना. “झोपलीय का? मग राहू दे, उठवू नकोस,” म्हणायचा. त्याच्या आवाजात इतकी माया असायची की मेणबाईला सुरुवातीची दोन वर्षं तो योगायोग वाटला. आई गेली तेव्हा तो आला, चार तास थांबला, आणि जाताना भिंतीवरचं घड्याळ घेऊन गेला. ते वडलांचं होतं, म्हणाला. चालत नव्हतं, पण वडलांचं होतं.

आता निवृत्त होऊन तो बायकोसह गावात राहायला आला होता, चर्चपासून दोन गल्ल्यांवर. आणि आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपली चूक कबूल करायला, कुणी पुढे येतंय का, असं पाळकसाहेबांनी विचारल्यावर, तो उठला.

मेणबाई मागच्या बाकावर बसली होती. दादानं माईक हातात घेतला, घसा साफ केला आणि म्हणाला, “मी माझ्या आईच्या आजारपणात आलो नाही.”

अकरा वर्षं मेणबाई या एका वाक्याची वाट पाहत होती, आणि ते आलं तेही माईकवरून. दादा रडला. चांगलाच रडला. वहिनी पहिल्या बाकावर रुमाल काढून तयार होती आणि दादाच्या डोळ्यांत पाणी यायच्या अर्धा सेकंद आधीच मान हलवायची. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला.

उपासना सुटल्यावर दादानं अंगणात सगळ्यांची माफी मागितली. पाळकसाहेबांची मागितली, आधीच्या पाळकसाहेबांचीही यांच्याकडेच मागितली. शाळेत असताना जिची कंपासपेटी लपवली होती त्या चर्चच्या पेटीवादक बाईची मागितली. तिला ती कंपासपेटी आठवतही नव्हती. चर्चचा राखणदार, ज्याला सगळे घंटाकाका म्हणायचे, त्याला मिठी मारून “तुमच्याकडे आम्ही कधी माणूस म्हणून पाहिलंच नाही” असंही म्हणाला. घंटाकाका घाबरला.

मेणबाई फाटकाशी उभी होती. घाई नव्हती तिला. आपला नंबर शेवटचा असणार, घरचं माणूस ना, असं तिनं स्वतःला समजावलं. शेवटी दादा तिच्याजवळ आला, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“छोटे, तू मागे बसली होतीस ना?”

“हो.”

“आवाज पोचत होता का नीट? मला वाटलं माईक जरा खरखरत होता.”

“पोचला,” ती म्हणाली.

“बरं झालं,” दादा म्हणाला, आणि घंटाकाकाकडे माईकची चौकशी करायला गेला.

तरी तिनं आशा सोडली नाही. पहिला रविवार आशेचाच होता आणि मेणबत्ती तिच्याच हातची होती. लोकांसमोर जमलं नसेल, घरी येईल, असं म्हणून तिनं आठवडाभर पुढच्या खोलीतली खुर्ची मोकळी ठेवली. एरवी तिच्यावर साच्यांची खोकी असायची. दादा आला नाही. त्याला रोज कुठेतरी जेवायला जायचं होतं.

दुसऱ्या रविवारी साक्षीत थोडी सुधारणा झाली. “मला यायला फार उशीर झाला,” दादा म्हणाला. “मी पोचलो तेव्हा आईचा श्वास मोजका उरला होता.”

मेणबाईनं बाकाची कड घट्ट धरली. तो पोचला तेव्हा आईचा श्वास उरलाच नव्हता, ती जाऊन मोजून सतरा तास झाले होते. पण शेजारच्या बाईनं तिच्या मांडीवर हात ठेवून, “किती सोसलं हो तुमच्या दादांनी,” असं म्हटल्यावर तिला जी किळस आली, ती आयुष्यात पहिल्यांदाच येत होती. सहा वर्षं तिनं आईचं भांडं उचललं होतं, चादरी धुतल्या होत्या, पाठीवरच्या जखमा पुसल्या होत्या, पू काढला होता. डॉक्टर नाकाला रुमाल लावायचे. तिला कधी किळस आली नव्हती. आणि आता स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात, कोलनचा वास मारत उभ्या असलेल्या सख्ख्या भावाकडे पाहून तिला तोंडात आंबट पाणी सुटत होतं. घरी येऊन तिनं दोनदा चूळ भरली.

त्याच दिवशी पंचांची सभा झाली आणि तिसऱ्या रविवारी आनंदाची मेणबत्ती दादा पेटवणार असं ठरलं. सभेत आणखी एक ठराव झाला. कड्यातली गुलाबी मेणबत्ती टोपी उचलून पाहण्यात आली आणि ती फार भडक असल्याचं आढळलं. आनंद इतका नको, असं पंचांचं एकमत झालं. त्यांचं एकमत झालेली त्या वर्षातली ही पहिलीच गोष्ट. निरोप घेऊन घंटाकाका आला.

“जरा फिकी करून पाहिजे म्हणतात. शुक्रवारपर्यंत.”

“किती फिकी?”

“म्हणजे आनंद आहे असं कळलं पाहिजे, पण अंगावर येता कामा नये.”

“आणि ती जुनी?”

“ती पाळकबाईंनी ठेवून घेतली. न्हाणीघरात दिवे गेले की उपयोगी पडेल म्हणाल्या.”

शुक्रवारी सकाळी मेणबाईनं नव्यानं मेण वितळवलं. तिची कामाची रीत ठरलेली होती. पत्र्याच्या उभ्या साच्यात मधोमध एक बारीक सळई उभी करायची, मेण ओतायचं, ते गोठलं की सळई ओढून काढायची. तिच्या जागी आरपार भोक राहतं, त्यात वात ओवायची. मग गरम चमच्यानं वरची-खालची बाजू लिंपून टाकायची. वात आधीच मापून कापलेली असायची आणि ओवायची वेळ येईपर्यंत मेणबाई ती गळ्यात अडकवून ठेवायची, शिंपी टेप ठेवतो तशी. तेहतीस वर्षांत ती एकही वात विसरली नव्हती.

तिनं सळई ओढून काढली आणि तेवढ्यात दारावर टकटक झाली. दादा आला होता. एकटा.

मेणबाईनं गडबडीनं गळ्यातली वात काढून एप्रनच्या खिशात कोंबली. भाऊ येतोय आणि गळ्यात दोरी, बरं दिसत नाही, एवढाच विचार. तिनं पुढच्या खोलीकडे बोट केलं. “बस ना, खुर्ची आहे तिकडे.”

“नको, इथंच बोलू. तुझं काम चालू दे.” दादा उभाच राहिला. हातात एक छोटी वही होती. “छोटे, मला तुझ्याशी आईबद्दल बोलायचंय.”

मेणबाईनं टेबलाची कड धरली. आता येतंय, तिला वाटलं. काय म्हणायचं ते तिनं अकरा वर्षांत ठरवून ठेवलं होतं: जाऊ दे रे. एवढंच. तीन शब्द पुरेत. उगाच ताणायचं नाही.

“बोल,” ती म्हणाली.

“आई कुठल्या कुशीवर झोपायची?”

“काय?”

“आजारात. उजव्या की डाव्या?”

“उजव्या. डावी बाजू गेली होती.”

दादानं लिहून घेतलं. “आणि जेवायची कशी? तू भरवायचीस का?”

“चमचा आधी कोमट पाण्यात बुडवावा लागायचा. थंड चमचा दाताला लागला की तोंड मिटून घ्यायची, मग तासभर उघडायची नाही.”

“हे छान आहे,” दादा म्हणाला. “चमचा कोमट पाण्यात. हे कुणाला सुचणार नाही.” आणि लिहून घेतलं. “शेवटी काही बोलली का?”

“कोण?”

“आई. शेवटचं वाक्य वगैरे.”

मेणबाई त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच उत्सुकता होती. लहानपणी परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्या वहीतून उत्तरं उतरवून घ्यायचा, तेव्हा असायची तशी. तेव्हाही पहिला नंबर त्याचाच यायचा.

“खिडकी लाव म्हणाली.”

“एवढंच?”

“वारा येत होता.”

“त्याच्या आधी? माझं नाव वगैरे?”

“त्याच्या आधी म्हणाली, भांडं दे.”

दादानं ते लिहून घेतलं नाही. मेणबाईनं मेणबत्ती हातात घेतली. हात आपोआप चालत होते. चमचा गरम होता, तिनं मेणबत्तीचं वरचं टोक लिंपलं, खालचं लिंपलं, गुळगुळीत केलं. बोलता बोलता तिनं स्वतःच विचारलं, कारण आता नाही तर कधीच नाही, “दादा, तुला मला काही सांगायचं नाहीये का?”

दादानं वही मिटली. विचारात पडला. “हां, बरी आठवण केलीस,” तो म्हणाला. “रविवारी जरा पुढे बस. मी आईचं बोलताना तुझ्याकडे हात करीन. तू उठायचं वगैरे काही नाही, नुसती मान हलव.”

तितक्यात घंटाकाका मेणबत्ती न्यायला आला. मेणबाईनं तिच्यावर कागदाची टोपी चढवली आणि ती त्याच्या हातात दिली. दादा त्याच्याबरोबरच निघाला. दारात त्यानं मेणबत्तीकडे पाहून मान डोलावली. “हा रंग बरोबर आहे,” म्हणाला.

रविवारी सकाळी सव्वाआठला मेणबाईनं धुवायला टाकण्यासाठी एप्रन खुंटीवरून काढला आणि सवयीनं खिसे चाचपले. खिशातून वात निघाली. तेरा इंच, एका टोकाला गाठ.

ती खुर्चीवर बसली. तीच खुर्ची, दादासाठी मोकळी ठेवलेली. उपासना नऊला होती. चर्च पाच मिनिटांवर. सळई तापवून भोक मोकळं करायचं, वात ओवायची, लिंपायची: फार तर दहा मिनिटांचं काम. घंटाकाका आठपासून तिथंच असतो. वेळ भरपूर होता, आणि इथंच सगळं घोडं अडलं, कारण वेळ नसता तर पाप लागलं नसतं.

मेणबाईनं वात खुंटीला अडकवली. चहा टाकला. एक कप प्याली. मग आणखी अर्धा घेतला. आणि त्या अर्ध्या कपात तिच्या लक्षात आलं की आपल्याला आनंद झालाय. खराखुरा, पोटातून वर येणारा, फिका वगैरे अजिबात नाही. अकरा वर्षांत झाला नव्हता असा. तो कसला आहे हे ओळखल्यावर तिला स्वतःचीही किळस आली, पण चहा तिनं संपवला.

चर्चमध्ये ती पुढे बसली, सांगितल्याप्रमाणे.

तिसऱ्या साक्षीत दादा आईपाशी पोचलेला होता. नुसता पोचला नव्हता, राहत होता. “आई उजव्या कुशीवर झोपायची,” तो म्हणाला, “कारण डावी बाजू गेली होती. मी चमचा कोमट पाण्यात बुडवायचो. थंड चमचा तिच्या दातांना सोसायचा नाही.” चर्चमध्ये कुणीतरी हुंदका दिला. “या कामात माझ्या धाकट्या बहिणीनंही मला साथ दिली.” त्यानं हात केला. मेणबाईनं मान हलवली. आपण मान का हलवली हे तिला नंतर पुष्कळ दिवस कळलं नाही. “आणि शेवटच्या क्षणी आई माझा हात धरून म्हणाली, बाळा, खिडकी उघड. उजेड येऊ दे.”

पेटीवादक बाई ढसाढसा रडली. वहिनीचा रुमाल पिळण्याजोगा झाला होता. दादानं डोळे टिपले, कड्याजवळ गेला, गुलाबी मेणबत्तीची टोपी दोन बोटांनी अलगद उचलली आणि लोकांकडेच पाहत काडी ओढली.

काडी जळून संपली. त्यानं दुसरी ओढली. लोकांनी श्वास रोखला होता तो तसाच धरून ठेवला. तिसऱ्या काडीला बोट भाजलं. वहिनी पुढच्या बाकावरून कुजबुजली, “जरा टेकवून धरा ना.” त्यानं टेकवून धरली. मेणबत्तीचं टोक वितळलं आणि एक गुलाबी ओघळ त्याच्या बाहीवर उतरला. पाचव्या काडीला घंटाकाका मदतीला आला, वाकला, नाक लावून पाहिलं, आणि म्हणाला, “हिच्यात वातच नाहीये.”

माईक चालू होता. आज खरखरत नव्हता.

मागून कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. पाळकसाहेब पुढे झाले. “प्रियजनहो,” ते म्हणाले, “आनंदाला कधीकधी वेळ लागतो.” मग त्यांना पुढचं काही सुचलं नाही. शेवटी आनंदाच्या जागी चौथी जांभळी पेटवण्यात आली, आणि ती कशाची यावर एका पंचानं दुसऱ्याच्या कानात तिथल्या तिथं मत दिलं.

अंगणात दादानं मेणबाईला गाठलं. बाही अजून गुलाबी होती. भोवती पंधरावीस माणसं जमली. पांगायच्या बेतात असलेलीही थांबली.

“हे तू मुद्दाम केलंस,” दादा म्हणाला.

“नाही. विसरले.”

“तेहतीस वर्षं विसरली नाहीस, आणि नेमकी आजच?”

“शुक्रवारी विसरले. तू आला होतास तेव्हा.” मेणबाई थांबली. इथं थांबता आलं असतं. सगळ्यांचा विश्वास बसत चालला होता, घंटाकाका तर मान डोलवत होता. पण खोटं बोलणाऱ्या माणसाची बाही समोर होती, आणि तिला त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं. “आज सकाळी कळलं होतं. सव्वाआठला. वेळ होता. मी आले नाही सांगायला. चहा पीत बसले.”

वहिनी म्हणाली, “अगं बाई.”

दादाच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू विरला आणि त्या जागी दुसरंच काही आलं. मेणबाईनं ते ओळखलं. माईक हातात आल्यावर यायचं ते.

“मग माफी माग, छोटे,” तो मऊ आवाजात म्हणाला.

सगळ्यात किळसवाणी गोष्ट ही होती की त्याचं बरोबर होतं. साऱ्या अंगणात त्या घटकेला माफीचं देणं लागत होती ती एकटीच. तिनं त्याच्याकडे पाहिलं.

“चुकले,” ती म्हणाली. “माफ कर, दादा.”

एक काडी विझायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. इतकं सोपं असतं, हे तिला माहीत नव्हतं. अकरा वर्षं तिला वाटत होतं की फार जड असणार, म्हणून तर त्याला जमत नसेल.

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी तुला क्षमा केली,” तो म्हणाला, अंगणाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं. वहिनीनं आधीच मान हलवली होती. पेटीवादक बाई पुन्हा रडली. पाळकसाहेबांनी मेणबाईचे दोन्ही हात हातात घेतले आणि असा जिवंत पश्चात्ताप आपण सेवाकाळात दोनदाच पाहिल्याचं सांगितलं. दोन्ही वेळा याच घराण्यात. पुढच्या रविवारी तिनं साक्ष द्यावी अशी त्यांची फार इच्छा होती.

“काय सांगू?” मेणबाईनं विचारलं.

“जे घडलं ते.”

“ते दादानं सांगून झालंय,” ती म्हणाली.

दादा पाळकसाहेबांकडे जेवायला गेला. लोक पांगले. मेणबाई फाटकाबाहेर पडली तेव्हा घंटाकाका मागून चपला फटफटवत आला आणि तिच्या हातात घडी केलेला कागद दिला. पंचांनी उभ्या उभ्याच सभा घेतली होती. कागदावर लिहिलं होतं: मेणबत्ती एक, गुलाबी, फिकी, बारा इंची. बुधवारपर्यंत. वातीसह.